पाहुण्याच्या पैशाचा जमाखर्च

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरी, एखाद्या हॉटेलात एका रात्रीपुरती खोली घेतली आणि तिचे भाडे शंभर डॉलर ठरले, तर निघतेवेळी हाती पडणाऱ्या बिलात त्या शंभरांखाली आणखी सतरा डॉलर मांडलेले आढळतात. या सतरांपैकी सहा राज्याच्या खजिन्यात जमा होतात, सात ह्यूस्टनच्या नगरपालिकेकडे जातात, दोन हॅरिस काउंटीकडे, म्हणजे तेथील जिल्ह्याकडे, आणि राहिलेले दोन क्रीडागृहांच्या उभारणीसाठी नेमलेल्या एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे. विमान गाठण्याच्या घाईत असलेला प्रवासी या आकड्यांकडे सहसा पाहत नाही, आणि पाहिले तरी परमुलखातील एक अपरिहार्य गोष्ट समजून मुकाट्याने रक्कम भरतो. त्यातील नगरपालिकेच्या वाट्याला आलेल्या सात डॉलरांचे पुढे काय होते, ते कोणत्या कामी खर्ची घालता येतात आणि कोणत्या कामी कोणत्याही सबबीखाली घालता येत नाहीत, याविषयी टेक्सासच्या विधिमंडळाने केलेला कायदा मात्र मोठा विचारपूर्वक रचलेला आहे. आणि पर्यटनावर जगणारी गावे आपल्याकडेही वाढत असताना तो मराठी वाचकाने समजून घ्यावा इतक्या योग्यतेचा आहे, असे मला वाटते.

हॉटेल-करात नगरपालिकांना एवढा रस का, हे कळण्यासाठी त्यांच्या तिजोरीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. टेक्सासमध्ये व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही. तेथील गावांचा संसार मुख्यत्वे घरजमिनीवरील मालमत्ता-कर आणि दुकानातील विक्रीकर यांवर चालतो, आणि मालमत्ता-कर एका दमडीने वाढवायचा म्हटले तरी गावचे घरमालक नगरसभेत येऊन उभे राहतात. हॉटेल-कराचे तसे नाही. तो भरणारा मनुष्य परगावचा असतो, उद्या निघून जाणार असतो, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला मत नसते. ज्याच्याकडून पैसा घेतल्याने कोणताही रोष पत्करावा लागत नाही त्याच्याकडून तो मुक्तहस्ताने घ्यावा, आणि गावातले खड्डे बुजवण्यापासून कचेरीतल्या पंख्यांपर्यंत सगळी निकड त्यातून भागवावी, हा मोह कोणत्याही नगरसेवकाला पडण्यासारखाच आहे, आणि त्या मोहाला बांध घालण्यासाठीच राज्याच्या कर-संहितेतील ३५१ वे प्रकरण अस्तित्वात आहे.

या प्रकरणाने नगरपालिकेला हॉटेलच्या भाड्यावर सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त सात टक्के कर बसवण्याची मुभा दिली आहे. दिवसाला दोन डॉलर वा त्याहून अधिक भाडे असलेली कोणतीही निवासाची जागा या कराला पात्र ठरते; त्यात मोठी हॉटेले आली, रस्त्याकडेची मोटेले आली, न्याहारीसह खोली देणारी घरगुती निवासस्थाने आली, आणि अलीकडे मोबाइलवरून चार दिवसांसाठी भाड्याने मिळणारी घरेही आली. इस्पितळे आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे यांतून वगळली आहेत, आणि जो मनुष्य सलग तीस दिवस वा त्याहून अधिक मुक्काम करण्याच्या बोलीने राहतो तो पाहुणा नसून रहिवासी होय, असे मानून त्यालाही करातून मुक्त केले आहे.

वसुलीचा भाग येथे संपतो. खरा कस लागतो तो खर्चाच्या बाजूस. या कराचा पैसा खर्च करू इच्छिणाऱ्या नगरपालिकेला कायदा दोन प्रश्न विचारतो, आणि दोहोंचे उत्तर होकारार्थी आले तरच पैशाला हात लावता येतो. पहिला प्रश्न असा की, या खर्चामुळे पर्यटन, आणि त्याबरोबरच गावातील हॉटेलांचा व अधिवेशनांचा व्यवसाय, यांस प्रत्यक्ष चालना मिळते काय? दुसरा असा की, हा खर्च कायद्याने नमूद केलेल्या ठरावीक प्रकारांपैकी एखाद्यात बसतो काय? पहिल्या प्रश्नातील ‘प्रत्यक्ष’ या शब्दावर सारा भार आहे. एखादे सुंदर उद्यान केले म्हणजे गाव शोभिवंत होईल, गाव शोभिवंत झाले म्हणजे लोक येतील, लोक आले म्हणजे त्यांतले काही रात्री राहतील, अशी लांबलचक साखळी जोडून कोणताही खर्च पर्यटनाच्या खात्यावर दाखवता येतो, आणि ती वाट या एका शब्दाने बंद केली आहे. पर्यटक कोण, हेही सांगून ठेवले आहे: जो आपले राहते गाव सोडून दुसऱ्या गावी, काउंटीत, राज्यात वा देशात मौज, विश्रांती, शिक्षण किंवा संस्कृती यांसाठी जातो तो. आणि एवढ्यानेही शंका राहू नये म्हणून, हा पैसा नगरपालिकेच्या सर्वसाधारण महसुलासाठी वा तिच्या नित्याच्या कारभारासाठी वापरता येणार नाही, असे निराळे कलम घातले आहे.

हे नियम प्रत्यक्षात कसे चालतात ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. दहा हजार वस्तीचे एखादे गाव आहे, हमरस्त्यालगत त्याची पाचसहा मोटेले आहेत, आणि वर्षाअखेर हॉटेल-कराच्या खात्यात बरी शिल्लक पडली आहे. पोलिसांना नवी गाडी हवी आहे. पोलीस पाहुण्यांचेही रक्षण करतात हे खरे, तथापि गाडी ही नित्याच्या कारभाराची बाब असल्यामुळे अर्ज पहिल्याच दारी परततो. मुख्य रस्त्याच्या डांबरीकरणाचीही तीच गत. मग गावातील एक मंडळ दोन दिवसांच्या संगीतोत्सवासाठी साहाय्य मागते. संगीत हा कलेचा प्रकार असल्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पण पहिला प्रश्न अजून उभाच असतो. उत्सवाला येणारे सगळे श्रोते गावातलेच असतील आणि कार्यक्रम आटोपताच आपापल्या घरी झोपायला जाणार असतील, तर तो उत्सव कितीही गोड असला तरी या पैशातून त्याला मदत देता येत नाही. म्हणून जाणत्या नगरपालिका अशा मंडळांकडून आधीच लेखी मागतात की, बाहेरगावचे किती लोक अपेक्षित आहेत, हॉटेलांत किती खोल्या राखून ठेवल्या आहेत, गतसाली किती रात्रींचे मुक्काम पडले. आणि उत्सवानंतर मोटेलवाल्यांकडे चौकशी करून तो आकडा पडताळून पाहतात. अंथरुणाला किती डोकी टेकली, हाच अखेर तेथील अधिकाऱ्यांचा मापदंड होऊन बसला आहे. तो काहीसा रुक्ष आहे खरा. परंतु रुक्ष असला तरी मोजता येण्याजोगा आहे, आणि सार्वजनिक पैशाच्या बाबतीत मोजता येणे हा लहान गुण नव्हे.

आता खर्चाच्या प्रकारांकडे वळावे. अधिवेशनगृहे व पर्यटकांसाठी माहिती-केंद्रे बांधणे, ती दुरुस्त करणे व चालवणे, अधिवेशनाला येणाऱ्या प्रतिनिधींच्या नोंदणीची व्यवस्था, गावाची जाहिरात, कलांना उत्तेजन आणि ऐतिहासिक वास्तूंचे जतन हे त्यांतले जुने प्रकार. जाहिरातीवर कायद्याचा विशेष भर असून, दोन लाखांहून कमी वस्तीचे गाव सात टक्के कर घेत असेल तर त्याने साधारणपणे उत्पन्नाचा सातवा हिस्सा तरी त्या कामी लावलाच पाहिजे, असा दंडक आहे. उलट कलांच्या बाबतीत वरची मर्यादा घातली आहे: बहुतेक गावांना पंधरा टक्क्यांपलीकडे जाता येत नाही, आणि ह्यूस्टनसारख्या मोठ्या शहराला मात्र १९.३ टक्क्यांपर्यंत मोकळीक आहे. जाहिरातीला किमान आणि कलेला कमाल, ही वाटणी हॉटेलवाल्यांच्या दृष्टीने स्वाभाविक असेल; पण एखाद्या गावी प्रवासी जाहिरात पाहून जितके येतात तितकेच तेथील नाट्यगृहाच्या आणि संग्रहालयाच्या कीर्तीनेही येतात, हे सत्य तीत पुरेसे उतरलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागाहून भर पडलेल्या प्रकारांत विधिमंडळाची सावधगिरी अधिक स्पष्ट दिसते. गावात पर्यटकांसाठी बससेवा चालवता येते, पण ती हॉटेल, गावचा व्यापारी भाग, अधिवेशनगृह आणि प्रेक्षणीय स्थळे यांमध्येच धावली पाहिजे. नागरिकांच्या रोजच्या जाण्यायेण्याची बस या पैशावर चालवता येत नाही. दिशादर्शक फलक लावता येतात, पण ते पाहुणे ज्या स्थळांना वारंवार जातात त्यांची वाट दाखवणारे असले पाहिजेत. दहा लाखांहून मोठी वस्ती नसलेल्या काउंटीत क्रीडास्पर्धांना साहाय्य देता येते, पण स्पर्धकांपैकी बहुसंख्य बाहेरगावचे असले पाहिजेत. आणि अस्तित्वात असलेली क्रीडांगणे सुधारण्याची जी परवानगी काही गावांना दिली आहे तिच्या अटी तर मुळातूनच पाहण्यासारख्या आहेत. जे मैदान सुधारायचे ते गेल्या वर्षी जिल्हा, राज्य, प्रादेशिक वा राष्ट्रीय स्पर्धांसाठी दहापेक्षा अधिक वेळा वापरलेले असले पाहिजे. काम पुरे झाल्यापासून पाच वर्षे, त्या मैदानावरील स्पर्धांमुळे परिसरातील हॉटेलांना किती उत्पन्न झाले याचा हिशेब नगरपालिकेने ठेवला पाहिजे. आणि मैदानावर ओतलेला पैसा त्या उत्पन्नाहून अधिक भरला, तर जितका अधिक भरला तितका नगरपालिकेने आपल्या सर्वसाधारण निधीतून हॉटेल-कराच्या खात्यात परत केला पाहिजे. आशेच्या भरात वाटेल ते अंदाज मांडून सार्वजनिक पैसा मंजूर करून घ्यायचा आणि पाच वर्षांनी ते अंदाज कोणी उघडूनही पाहायचे नाहीत, हा प्रकार जगातल्या बहुतेक सर्व सरकारी कचेऱ्यांतून चालतो. त्यावर इतका साधा आणि इतका परिणामकारक तोडगा मी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे.

हिशेब ठेवण्याची पद्धतही तितकीच कडक आहे. नगरपालिका हा पैसा स्वतः खर्च न करता गावच्या व्यापारी मंडळाकडे किंवा पर्यटन-कचेरीकडे सोपवू शकते, आणि पुष्कळ गावे तसे करतात. मात्र त्यासाठी लेखी करार हवा, वार्षिक अंदाजपत्रकाला नगरसभेची आगाऊ मंजुरी हवी, पैसा वेगळ्या खात्यात राहिला पाहिजे, तो दुसऱ्या कोणत्याही पैशात मिसळता कामा नये, आणि दर तिमाहीला खर्चाचा तक्ता नगरसभेपुढे रुजू झाला पाहिजे. ज्या संस्थेने हा पैसा स्वीकारला तिच्यावर त्याबाबत विश्वस्ताचे कर्तव्य येते, हे कायद्याने स्पष्ट नोंदले आहे. संस्थेच्या कारकुनाचा अर्धा दिवस पर्यटनाच्या कामात आणि अर्धा अन्य कामात जात असेल, तर त्याच्या पगाराचा अर्धाच भाग या खात्यावर टाकता येतो. प्रवासखर्चाची तर विशेष दखल घेतली आहे: जो प्रवास पर्यटनवाढीच्या कामाशी थेट निगडित नाही त्याचा एक डॉलरही येथून देता येत नाही. २०१७ साली यात आणखी एक भर पडली. तेव्हापासून प्रत्येक नगरपालिकेने दर वर्षी २० फेब्रुवारीपर्यंत आपल्या कराचा दर, गोळा झालेली रक्कम आणि तिच्यातून कोणत्या प्रकारावर किती टक्के खर्च झाला, हा तपशील राज्याच्या मुख्य हिशेबाधिकाऱ्याला कळवावा लागतो. एखादा खर्च कायद्यात बसतो की नाही याविषयी वाद झालाच, तर विधिमंडळाच्या समितीचा अध्यक्ष किंवा काउंटीचा सरकारी वकील राज्याच्या अॅटर्नी जनरलचे मत मागवू शकतो, आणि अशा लेखी मतांचा एक मोठा संग्रहच तेथे सिद्ध झाला आहे.

या व्यवस्थेला प्रतिपक्ष आहे आणि तो दुर्बळ नाही. पाहुणे येतात ते केवळ हॉटेलात राहत नाहीत. ते गावचे पाणी पितात, गावचा रस्ता झिजवतात, गावात कचरा टाकतात, आणि हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या बाईला तिच्याच गावात परवडणारे घर मिळेनासे करण्याइतकी घरभाडी वाढवतात. त्यांच्याकडून घेतलेला कर या झिजेची भरपाई करण्यासाठी न वापरता आणखी पाहुणे बोलावण्यासाठीच वापरायचा, हा न्याय म्हणजे ज्याच्या घरी रोज पंगती उठतात त्याला नवे तांदूळ घेऊ न देता नवी आमंत्रणे छापायला लावण्यासारखा आहे, असे टीकाकार म्हणतात. कॅलिफोर्निया राज्याने हा आक्षेप मान्य केल्यासारखी दुसरी वाट धरली आहे. तेथे बहुतेक शहरांचा हॉटेल-कर सरळ सर्वसाधारण निधीत जातो. डिस्नेलँडमुळे जगप्रसिद्ध झालेल्या अॅनाहाइम शहरात हा कर पंधरा टक्के असून नगरपालिकेच्या उत्पन्नाचे ते सर्वांत मोठे साधन आहे, आणि पोलीस, अग्निशामक दल, ग्रंथालये यांचा खर्च त्याच्या आधारे चालतो. फ्लॉरिडाने मधला मार्ग काढला. १९७७ च्या कायद्यान्वये तेथील काउंट्यांना मुक्कामावर कर घेता येतो, तो पर्यटनाच्या कामालाच बांधलेला आहे, पण त्या कामांत समुद्रकिनाऱ्यांची निगा आणि लाटांनी वाहून नेलेल्या वाळूची पुनःस्थापना यांचा समावेश आहे. ज्या वाळूसाठी पाहुणा येतो ती वाळू राखणे हे पर्यटनाचेच काम होय, ही फ्लॉरिडाची दृष्टी मला टेक्सासच्या दृष्टीहून अधिक दूरवरची वाटते, आणि अॅनाहाइमच्या मोकळेपणाहून अधिक सुरक्षितही.

टेक्सासमधील या वादाने उग्र रूप घेतले ते ऑस्टिन या राजधानीच्या शहरी. तेथे २०१९ मध्ये नगरसभेने अधिवेशनगृहाच्या विस्तारासाठी हॉटेल-करात दोन टक्क्यांची वाढ मंजूर केली आणि राज्याचा कर धरून एकंदर दर सतरा टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी नागरिकांच्या एका गटाने सह्या गोळा करून जनमताचा प्रस्ताव आणला: अधिवेशनगृहावर हॉटेल-कराचा चौतीस टक्क्यांहून अधिक भाग खर्च करू नये, आणि मोठ्या विस्ताराला मतदारांची संमती घ्यावी. ज्या गावाचे नाव वादकांमुळे आणि गायकांमुळे सर्वत्र झाले, त्या गावाचा पैसा एका प्रचंड इमारतीत का जावा, हा त्यांचा सवाल होता. नोव्हेंबर २०१९ च्या मतदानात प्रस्ताव नामंजूर झाला. तथापि आंदोलनाचा काहीच परिणाम झाला नाही असे नाही. त्याच सुमारास कराचा काही अंश स्थानिक संगीतकारांसाठी राखून ठेवणारा निधी शहराने निर्माण केला. २०२५ मध्ये जुने अधिवेशनगृह बंद होऊन सुमारे १६० कोटी डॉलरच्या नव्या बांधकामास प्रारंभ झाला आहे.

मराठी माणसाचा या साऱ्याशी संबंध अगदीच दूरचा नाही. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाचे द्वैवार्षिक अधिवेशन २०१९ च्या जुलैत टेक्सासमधील डॅलस येथे भरले, आणि त्यासाठी दूरदूरच्या शहरांतून आलेल्या मराठी कुटुंबांनी जे हॉटेलमुक्काम केले ते नेमके याच कायद्याच्या कल्पनेतले मुक्काम होते: अधिवेशनासाठी बाहेरगावाहून आलेले प्रतिनिधी, भरलेल्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीमागे नगरपालिकेच्या वेगळ्या खात्यात पडलेली रक्कम. शिवाय त्या देशातील रस्त्याकडेच्या मोटेलांचा फार मोठा हिस्सा आपल्या शेजारच्या गुजराती कुटुंबांच्या हाती आहे. करवसुली करून ती मुदतीत भरणारे, आणि नगरसभेच्या बैठकीत उठून आमच्या खोल्यांचा पैसा कुठे गेला असे विचारणारे, त्यांच्यांतलेच असतात.

महाराष्ट्रात काय स्थिती आहे? हॉटेलच्या खोलीवर आपल्याकडे कर नव्हता असे नाही. १९८७ च्या ऐषाराम-कर कायद्याने तो राज्य सरकार घेत असे. १ जुलै २०१७ पासून तो वस्तू व सेवा करात विलीन झाला, आणि त्या कराची वाटणी केंद्र व राज्य यांच्यात होते. म्हणजे महाबळेश्वरच्या हॉटेलात उतरलेल्या प्रवाशाने खोलीच्या बिलावर भरलेल्या करातून महाबळेश्वरच्या नगरपरिषदेच्या हाती थेट काहीच पडत नाही. जे पडते ते निराळ्या दारातून. महाबळेश्वर-पाचगणीच्या नाक्यांवर आणि माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर येणाऱ्याकडून प्रवासी-कराची ठरावीक रक्कम घेतली जाते. यात्रेच्या ठिकाणी यात्रेकरूंवर कर बसवण्याची तरतूद १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आहे, आणि पंढरपूरच्या यात्रा-कराची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी, पटकीच्या साथींच्या धास्तीने यात्रेतील स्वच्छतेची व्यवस्था उभी राहू लागली त्या काळापासूनची आहे. पाहुण्याकडून पैसा घेण्याचा अधिकार आपल्या गावांना आहे. त्या पैशाला टेक्सासने घातले आहे तसे खर्चाचे कुंपण मात्र आपल्या कायद्यात नाही.

ते घालणे अवघड नाही, आणि त्यासाठी टेक्सासची नक्कलही करायला नको. माथेरानला आणखी जाहिरातीची गरज नाही. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरमाथ्यावर पायांनी आणि घोड्यांच्या टापांनी उखडणारी तांबड्या मातीची वाट, पावसाळ्यात तिची होणारी धूप, शार्लट तलावाच्या पाण्यावर सुट्टीच्या दिवसांत येणारा ताण, आणि दर रविवारी साठणारा कचरा हेच तेथे पर्यटनाचे खरे विषय आहेत. पंढरपुरात ते वाळवंटाची स्वच्छता, शौचालये आणि पिण्याचे पाणी हे असतील. प्रत्येक गावासाठी असे चारपाच विषय आधी ठरावाने नेमावेत. प्रवासी-कराचा आणि यात्रा-कराचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा. या विषयांबाहेर त्यातून छदामही जाऊ नये. आणि वर्षाअखेर जमा किती, कोणत्या विषयावर खर्च किती, शिल्लक किती, हा तक्ता मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ज्या नाक्यावर पैसा घेतला जातो त्याच नाक्यावर लावावा. यासाठी नवा कर नको आणि नवे सरकारी खातेही नको. नगरपरिषदेचा एक ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून त्याची होणारी वार्षिक तपासणी एवढ्यावर या कामाला येत्या एप्रिलपासून सुरुवात करता येईल.